१६ वर्षांखाली सोशल मीडिया बंद झालं तर तुमच्या घरात काय होईल?

कोथरूडची आई
माझा भाचा ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला असतो, वय १५. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. त्याचं इन्स्टा गेलं. दोन दिवस तोंड पाडून होता म्हणे. ताई मात्र फोनवर अगदी सुटल्यासारखी बोलत होती. "आता वाईटपणा माझ्याकडे नाही!"

मला नेमकं तेच हवंय. लेक आठवीत आहे. 'वर्गात सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही' यावरून रोज रात्री साडेनऊला आमच्या हॉलमध्ये तमाशा. सगळ्यांचंच बंद झालं तर ते वाक्यच संपेल. शिवाय त्या कायद्यात दंड ना मुलांना, ना आईबापांना. कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. असा कायदा आपल्याकडे का नको?

हडपसरकर
ताई, तुमच्या घरी माणशी एक फोन असेल. आमच्यात पाच जणांत दोन. पोरगं माझ्या फोनवर, माझ्याच खात्यावरून रील बघतं. कंपनीच्या लेखी तो ४१ वर्षांचा बाप्या आहे. कायदा पकडणार कुणाला? आणि ऑस्ट्रेलियात लॉगिन न करता यूट्यूब बघता येतंच की. खातं बंद, बघणं चालू.

कोथरूडची आई
बघण्यावरून आमचं भांडण नाहीच. खातं असलं की कुणीही अनोळखी माणूस मेसेज करतो, आणि फोटोला लाइक कमी आले की मुलं जेवत नाहीत. तेवढं थांबलं तरी पुष्कळ.

सिंहगड रोडचे काका
दिल्लीच्या कायद्याची वाट कशाला बघायची? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. करून दाखवलं ना गावाने.

हडपसरकर
काका, गावाचं ऐकतात लोक. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यांवर तीन वर्षं एकमत नाही. भोंगा वाजवला तर आधी भोंग्याविरुद्ध तक्रार जाईल.

एफवायची पोरगी
मी नुकतीच १८ ची झाले, म्हणून बोलते. आपल्याकडे कायदा आधीच झालाय. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटाचा. त्यात मूल म्हणजे १८ च्या आतलं, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीचा भाग १८ महिन्यांनी लागू.

फरक बघा. ऑस्ट्रेलियात आईबाप 'हो' म्हणाले तरी खातं मिळत नाही. इथे सगळं आईबापांच्या 'हो'वरच. म्हणजे ताई, वाईटपणा परत तुमच्याच पदरात.

आणि हा 'हो' कुणाला मिळणार, तेही सांगते. माझ्या मैत्रिणीचा भाऊ तिच्याहून दीड वर्षाने लहान. त्याला फोन दहावीत, हिला बारावीनंतर. आमच्या ढोलपथकाच्या सरावाच्या वेळा इन्स्टावर यायच्या. नदीपात्रात किती वाजता जमायचं, हे तिला मी घरी जाऊन सांगायचे. कायद्याने बापाच्या हातात अजून एक कुलूप दिलं तर ते आधी मुलींना लागेल. रागवा हवं तर.

सिंहगड रोडचे काका
सगळे बाप तसे नसतात गं.

एफवायची पोरगी
माझे नाहीत. म्हणूनच इथे लिहू शकतेय.

कोथरूडची आई
हे १८ चं आणि संमतीचं मला खरंच माहीत नव्हतं. मला 'सरकारने बंद केलंय' म्हणून हात वर करायचे होते. इथे तर साडेनऊच्या तमाशाला माझीच सही लागणार.

हडपसरकर
सही कुठली, ओटीपीच येईल बहुतेक. आमच्याकडे आलेला ओटीपी पोरगंच वाचून दाखवतं. मला चष्मा लागतो.