जुन्या सागाच्या तुळईतून घराची पाटी, सीएनसीवर (कम्प्युटरनं चालणाऱ्या कोरीव मशीनवर) कोरायची आहे. सल्ला हवा (बडोदा)

तुळईवाला
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्याची एक सागाची तुळई मी हट्टानं ठेवून घेतली. तिच्यातून दोन फूट बाय आठ इंच, इंचभर जाडीची फळी काढली आहे. मांजलपूरच्या टेनामेंटला आजीचं नाव द्यायचंय, 'शालिनी'.

एका सीएनसीवाल्याकडून आधी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर) नमुना करून घेतला. नशीब, सागावर नाही! ल ची वेलांटी घसरून न च्या गळ्यात. म्हणजे न ला दोन्ही वेलांट्या आणि ल बिचारा उघडा. वर श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे. भाई म्हणतो, कम्प्युटरमध्ये असंच येतं. आजी असती तर पाटी उलटी करून पोळपाट केलं असतं.

फाइल कशी द्यावी? अक्षर खोदीव बरं की उठावाचं? पाटी पश्चिमेला, दुपारचं ऊन आणि पावसाची झड थेट. पॉलिश कोणतं? की सरळ संखेड्याच्या कारागिरांना गाठू?

खरादीची_नात
संखेड्याचं काम लेथवरचं. फिरणाऱ्या सागाच्या लाकडावर लाख चढवतात, त्यामुळे पाय, दांडे, गोल काम. सपाट पाटीला ते लागू नाही. पाटीखाली दोन नक्षीदार खुंट्या हव्या असतील तर जरूर जा.

भुसा_आणि_मी
मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बारा वर्षं राउटर, म्हणजे हेच सीएनसी कोरीव मशीन, चालवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

वेलांटीचा दोष मशीनचा नाही. कोरीवकामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी कळत नाही, टाइप केलेल्या क्रमानंच अक्षरं मांडतात. तेव्हा दुकानात कुणाला नाव टाइप करू देऊच नका. घरी इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करा, टेक्स्टचा पाथ करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा होतील, आणि सगळी अक्षरं युनियन करून एकसंध करा. हे शेवटचं लोक विसरतात. शिरोरेषा सुट्या राहिल्या की दोन अक्षरांच्या सांध्यावर रेघ तुटते, मध्ये लाकडाचा पूल उरतो. मग एसव्हीजी किंवा डीएक्सएफ प्रकारची फाइल द्या. काही युनिकोड फॉन्टांत मराठी श-ल असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

खरं सांगू? दोन फुटांच्या पाटीला फॉन्ट नकोच. घरात कुणाचं अक्षर चांगलं असेल तर बोरूनं मोठं लिहून स्कॅन करा आणि ट्रेस करा.

अक्षर खोदीवच घ्या. उठावात अक्षराभोवतीचं लाकूड सपाट कटरनं काढतात. कटर ३ मिमीचा असला तरी आतले कोपरे दीड मिमी त्रिज्येनं गोल राहतात, ते पटाशीनं टोकदार करत बसावं लागतं. शिवाय वेलांटीच्या बारीक टोकाला लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या तर टवका उडतो. व्ही-बिट (टोकदार, व्ही आकाराचं कटर) मात्र कोपऱ्यात आपसूक वर येत टोक काढतं. अक्षराच्या १४ मिमी जाड दांड्याला ९० अंशांचं बिट ७ मिमी खोल जाईल, ६० अंशांचं १२ मिमीपर्यंत. तुमच्या इंचभर फळीला ९० पुरे. सावली कमी पडते, पण रंग भरायला सोपं.

आणि तुळई आहे ना? चुंबक फिरवल्याशिवाय फळी कुणाच्याही मशीनवर ठेवू नका. एका मोडक्या खिळ्यात माझं नवंकोरं कार्बाइड बिट गेलंय.

मीनल_कारेलीबाग
मी पाट्या हातानं रंगवते. भुसाभाऊंनी कोरलं की खरं काम सुरू होतं.

कोरण्याआधीच फळी २२० च्या पॉलिशपेपरनं घासून सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचे) दोन हात द्या. मग कोरा. नाहीतर खाचेतला रंग रेषांमधून बाहेर पाझरतो आणि अक्षराला मिशा फुटतात. रंग वाळल्यावर वरचा पृष्ठभाग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी नको, कडा गोल होतात. बेतानंच घासा हं: ९० अंशांच्या खाचेत वरून १ मिमी गेला की दांडा २ मिमी बारीक होतो. खाचेतली लव पेपरनं नाही, नायलॉनच्या कडक ब्रशनं काढा.

पॉलिशपूर्वी थिनरचा बोळा फिरवा, सागाचं तेल वर आलेलं असतं, नाहीतर थर धरत नाही. मेलामाइन पॉलिश घरातलं, ते बाहेर नको. बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश छान दिसतं, पण पश्चिमेच्या उन्हात कधीतरी पापुद्रे सुटणारच, तेव्हा सगळं खरवडावं लागेल. मी असते तर तेल लावलं असतं. दर पावसाळ्याआधी पुसून एक हात, संपलं. काहीही लावा, मागच्या बाजूलाही तेवढेच हात हवेत, नाहीतर पहिल्याच पावसात फळी वाटीसारखी वळेल. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. साध्या लोखंडानं साग काळा पडतो.

भुसा_आणि_मी
मीनलताई, तेलावर धूळ बसते हो. आपल्याकडचा मे महिना आठवा. मी पीयूच देतो.

मीनल_कारेलीबाग
तुम्ही देता आणि मोकळे होता. चार वर्षांनी खरवडायला माझ्याकडे येतात!

तुळईवाला
😄 तेलच लावतो, खरवडण्याचा मला कंटाळा. अक्षर माझ्या आत्यानं बोरूनं लिहून दिलंय, तिचा श अगदी आजीसारखा.

चुंबक फिरवला. दोन चुका (बारीक खिळे) आणि एक मोडका खिळा निघाला. खिळ्याच्या भोकाभोवती काळा डाग आहे, डावीकडे वरच्या कोपऱ्यात. फळी तेवढी कापून टाकू का?

भुसा_आणि_मी
अजिबात नको. शिरोरेषेच्या वाटेत येत नसेल तर राहू दे. फक्त भोकात पाणी शिरायला नको. त्याच फळीचा भुसा इपॉक्सीत कालवून भरा, एक दिवस वाळू द्या, मग घासा. शनिवारी फळी घेऊन या, वीज असली तर त्याच दिवशी कोरून देतो.