मदत हवी आहे : 'ऑफ' हा एवढासा इंग्रजी शब्द नववी-दहावीच्या लेकरांना कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गातली बहुतेक लेकरं शेतकऱ्यांची आणि ऊसतोड मजुरांची. घरी इंग्रजी वाचणारं कोणी नाही, पण 'ऑफ' हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडात आहे. मोबाईल ऑफ झाला, मोटार ऑफ कर, आज मूड ऑफ आहे, चौथा तास ऑफ आहे. ऑफ म्हणजे बंद, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पुस्तकात तो शब्द दिसला की गाडी तिथेच अडते.

परवा उताऱ्यात वाक्य आलं : 'द अलार्म वेन्ट ऑफ अँड द बॉय वोक अप.' मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, गजर बंद पडला, मग पोरगं उठलं कसं?" प्रश्न बिनतोड होता. इथे 'वाजला' असा अर्थ घ्यायचा, असं मी सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या उताऱ्यात आलं, 'द लाइट्स वेन्ट ऑफ.' त्याने अर्थ लिहिला, दिवे लागले. याला चूक म्हणवत नाही. जो अर्थ हाती दिला तोच त्याने इमानदारीने वापरला.

'गो ऑफ' एवढ्या एका जोडीत गजर वाजतो, दिवे जातात, बॉम्ब फुटतो, दूध नासतं आणि माणूस निघूनही जातो. 'टेक ऑफ'मध्ये विमान उडतं आणि चपलाही काढल्या जातात. 'पुट ऑफ' केलं तर बैठक पुढे ढकलली जाते, पण जेवणाच्या वासाने कोणी 'पुट ऑफ' झालं तर त्याची वासनाच उडालेली असते. बाजारातल्या गाइडात याची लांबलचक यादी मिळते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. लेकरं ती घोकतात, चाचणीत गुण घेतात आणि सुट्टीनंतर कोरी होऊन येतात. यादी पाठ करून भाषा येत नाही असं माझं ठाम मत आहे, पण यादीच्या जागी काय द्यावं ते सुचत नाही.

आणखी एक. रजेच्या अर्जात एका मुलीने लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज ऑफ.' आपल्याकडे "आजोबा ऑफ झाले" असं सर्रास म्हणतात, म्हणून तिने तसंच उतरवलं. आजोबांचा दहावा व्हायचा होता, अशा वेळी लाल पेन चालवायला हात धजला नाही. नुसतं 'पास्ड अवे' लिहून दिलं. पण इंग्रजी माणूस तिच्या वाक्याचा अर्थ काय घेईल, हे तिला कधीतरी नीट सांगायचं आहे.

तर विचारायचं ते असं. या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एखादा धागा आहे का, की जो हातात आला की नवीन वाक्यातला अर्थ लेकरांना स्वतःला काढता येईल? आणि 'ऑफ' व 'ऑव्ह' यांच्या स्पेलिंगचा जो सततचा घोळ होतो, त्यावर काही उपाय? जुन्याजाणत्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद, अंबाजोगाईचा निवृत्त मास्तर :

ताई, आधी फळ्यावरचं 'ऑफ म्हणजे बंद' पुसून टाका. मूळ अर्थ बंद नाही. मूळ अर्थ 'पासून वेगळं, पासून दूर'. जुन्या इंग्रजीत ऑफ आणि ऑव्ह हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला की ऑफ, ओझरता उच्चारला की ऑव्ह. सतराव्या शतकापर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या होऊन स्पेलिंगही वेगळं ठरलं. आपण शाळेत दोन्हींना 'ऑफ'च म्हणतो, मग लेकरांनी 'कप ऑफ टी'ला दोन एफ लावले तर नवल काय? 'कप ऑव्ह टी' असं शेवटी व्ह काढून म्हणायची सवय लावा. कानाला फरक कळला की हाताला कळतो. माझ्या वर्गात याचा फार उपयोग झाला.

आता धाग्याचं. मराठीत 'सुटणे' घ्या आणि त्याच्या शेजारी 'ऑफ' ठेवून बघा. गोळी सुटते, 'द गन गोज ऑफ'. मंडळी गावाहून सुटतात, 'दे सेट ऑफ'. कामावरून सुट्टी, 'डे ऑफ'. कापडाच्या दुकानात दहा टक्के सूट, 'टेन पर्सेंट ऑफ'. भिंतीचा रंग सुटतो, 'द पेंट कम्स ऑफ'. दुधाला वास सुटतो, 'द मिल्क हॅज गॉन ऑफ'. सुट्टी, सूट, सुटका हे सगळे एकाच घरातले शब्द आहेत, आणि ऑफचंही घर तसंच आहे.

तुमच्या त्या मुलाचा गजरही सुटतोच. चावीच्या घड्याळात गजराची स्प्रिंग पिळून, अडकवून ठेवलेली असते. ठरलेली वेळ आली की अडकण सरकते आणि हातोडी घंटीवर सुटते. बंदूक, सुतळी बॉम्ब, गजर, तिन्हींत दाबून धरलेलं काहीतरी मोकळं होतं, म्हणून तिन्हींना 'गो ऑफ'. दिव्याचं पाहा. दिवा प्रवाहापासून सुटला, म्हणून अंधार. नळाची चावी फिरवली, धार पाण्यापासून सुटली, म्हणून 'टर्न ऑफ'. त्यामुळे वर्गात अर्थ विचारू नका, असं विचारा : काय कशापासून सुटलं? घरात एखादं जुनं चावीचं घड्याळ असेल तर वर्गात न्या, मागचं झाकण काढून दाखवा. हा धडा त्यांच्या लक्षात राहील.

काही ठिकाणी 'सुटणे' पुरत नाही, तिथे आपलं 'टाकणे' येतं. 'पे ऑफ' फेडून टाकणे, 'फिनिश ऑफ' संपवून टाकणे, 'सेल ऑफ' विकून टाकणे. नुसतं फेडणं आणि फेडून टाकणं यांत जो फरक लेकरांना घरी न शिकवता कळतो, तोच 'पे' आणि 'पे ऑफ'मध्ये आहे. 'वेल ऑफ' म्हणजे खाऊनपिऊन सुखी. तिथे धागा ओढत बसू नका, तेवढं घोकून घ्या.

त्या मुलीला सांगा, 'ही इज ऑफ' म्हटलं तर इंग्रजी माणूस समजेल की आजोबा निघाले किंवा रजेवर आहेत. 'ऑफ झाले' ही आपली मराठी आहे. मराठीत राहू द्या, अर्जात 'पास्ड अवे'.

आणि सगळे अर्थ एका वर्षात संपवायची घाई नको. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिलेले होते. असे शब्द आयुष्यभर थोडे थोडे कळत जातात.

प्रतिसाद, पैठणहून :

मास्तरांच्या 'दूर'ला क्रिकेटचा पुरावा देतो. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांकडची बाजू लेग, पायांपासून दूरची बाजू ऑफ. डावखुरा आला की बाजू बदलतात, कारण त्याचे पाय दुसरीकडे असतात. 'ऑफ' इथे बंदही नाही आणि उजवंही नाही, फक्त लांबचं. इंग्लंडात घोड्यावर डावीकडून चढत, म्हणून घोड्याची डावी बाजू 'निअर' आणि उजवी 'ऑफ'. तिकडे मोटारीच्या रस्त्याच्या मधल्या बाजूला आजही 'ऑफसाइड' म्हणतात. मुलांना मैदानात नेऊन तीन काठ्या रोवा आणि ऑफ स्टंप विचारा, एकही चुकणार नाही. मग म्हणावं, हाच तो ऑफ.

प्रतिसाद, लातूरहून, बँकेतला नोकरदार :

ताई, 'पे ऑफ' आणि 'राइट ऑफ' ही जोडी वर्गात नक्की घ्या. शेतकऱ्याच्या लेकरांना ती परीक्षेपलीकडे उपयोगी पडेल. कर्ज 'पे ऑफ' केलं म्हणजे कर्जदाराने फेडून टाकलं. 'राइट ऑफ' केलं म्हणजे बँकेने ते आपल्या ताळेबंदातून काढून टाकलं, तेही बुडीत धरून. कर्जदाराचं देणं त्याने संपत नाही, वसुली चालूच राहते. कर्जमाफी ही तिसरीच गोष्ट. पेपरात 'इतके कोटी राइट ऑफ' अशी बातमी आली की माणसं काउंटरवर येऊन विचारतात, "साहेब, आमचं माफ झालं ना?" त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटतं. घरातल्या दहावीच्या लेकराला या दोन शब्दांतला फरक माहीत असेल तर बापाचा हेलपाटा तरी वाचेल.

आणि 'कटऑफ' विसरू नका. लातुरात हा शब्द माहीत नाही असं घर सापडणार नाही. गुणांच्या उतरंडीत जिथे रेघ मारून खालचे वेगळे काढतात, ती जागा म्हणजे कटऑफ. इथेही तोडणं आणि वेगळं करणंच आहे.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. मास्तर, 'सुटणे' माझ्या जिभेवर रोज असूनही ऑफच्या शेजारी ठेवायचं सुचलं नव्हतं. शेजारच्या आजींकडून चावीचं घड्याळ मागून आणलं, झाकण उघडून टेबलावर ठेवलं. हातोडी घंटीवर आपटली तसा तोच मागच्या बाकावरचा मुलगा ओरडला, "मॅडम, सुटला!" त्यानंतर 'लाइट्स वेन्ट ऑफ'ला कोणी दिवे लावले नाहीत.

मग वाक्यं आमच्या मातीतली केली. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तिथे 'सेट ऑफ'. मुकादमाची उचल हंगामभर कोयता चालवून फेडून टाकायची, तिथे 'पे ऑफ'. हे वाक्य एका मुलीने स्वतः फळ्यावर लिहिलं. तिच्या घरात ते वाक्य दरवर्षी जगलं जातं, त्याचा अर्थ तिला माझ्याहून जास्त माहीत होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, तीही 'सेट ऑफ'. सप्टेंबर २०२५ च्या पुरात पुलावरून पाणी गेलं आणि गावांचा संपर्क तुटला, 'द व्हिलेजेस वेअर कट ऑफ'. हे शेवटचं वाक्य तर सगळ्या वर्गाला एका दमात कळलं.

पुढे शिकणाऱ्यांसाठी एक व्याकरणाची गोष्ट इथे नोंदवते. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात, पण 'मीटिंग'च्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चालत नाही. आमच्याकडे ही चूक फार होते. मराठीत सर्वनाम असो की नाम, जागा एकच, त्यामुळे इथे मराठीचा आधार नाही, सरावच हवा.

अजून एक अडलंय. 'टेल ऑफ' म्हणजे झापणे, हे 'सुटणे'त बसत नाही आणि 'टाकणे'तही ओढूनताणूनच बसतं. 'शो ऑफ' म्हणजे मिरवणे, त्याचंही तेच. पुढच्या आठवड्यात हे दोन्ही शिकवायचे आहेत. कोणाला चांगली वाक्यं सुचली तर खाली लिहा, शक्यतो शेतातली, बाजारातली किंवा जत्रेतली.