विषय: पीक डिस्ट्रिक्टमधील रॅम्बलिंग क्लबच्या पदभ्रमंतीत मंडळाने सहभागी व्हावे का?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

मे महिन्यात मंडळाच्या वतीने पीक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधील डोंगराळ प्रदेशात एक दिवसाची सहल काढावी, असे गेल्या सभेत ठरले आहे. आपण स्वतः बस करून सर्वांना डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडण्यापेक्षा तिथल्या एखाद्या रॅम्बलिंग क्लबच्या, म्हणजे डोंगरवाटा पायी हिंडणाऱ्यांच्या संघाच्या, पदभ्रमंतीत सामील झालो, तर वाट चुकण्याची धास्ती राहणार नाही आणि त्या प्रदेशाची ओळखही जाणकारांकडून होईल, असे मला वाटते. एका क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेत मला दोन फेऱ्या आढळल्या. पहिली एडेल स्थानकापासून निघून किंडर स्काउटच्या पठाराच्या कडेने जाऊन परत येणारी, १४ किलोमीटर अंतराची आणि ५५० मीटर चढाची आहे. दुसरी एडेलहूनच मॅम टॉर, हॉलिन्स क्रॉस आणि लूज हिल अशी कड्यावरून, म्हणजे डोंगराच्या लांब धारेवरून, जाणारी, ११ किलोमीटरची आणि ४०० मीटर चढाची आहे. पहिलीला ‘स्ट्रेन्युअस’ (दमवणारी) आणि दुसरीला ‘मॉडरेट’ (मध्यम) अशी श्रेणी दिलेली आहे.

साधारण १५ सभासद उत्सुक आहेत. त्यांत १० आणि १२ वर्षांची दोन मुले आहेत, तसेच माझ्या सासूबाईही आहेत, ज्या रोज तासभर सपाटीवर चालतात. अंतरात अवघ्या ३ किलोमीटरांचा फरक असताना श्रेणीत एवढे अंतर का, आणि आपण सर्वांनी ठरलेल्या दिवशी थेट स्थानकावर पोहोचले तर चालेल का, हे कोणी अनुभवी सभासद सांगू शकतील का?

आपली,
सहल समितीतील एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

मी येथील एका क्लबबरोबर अनेक वर्षे चालत आलो आहे आणि आता त्यांच्या काही पदभ्रमंतींचे नेतृत्वही करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे. न कळवता १५ जणांनी एकदम जाणे योग्य होणार नाही. क्लबचा नेता हा पगारी वाटाड्या नसून स्वयंसेवक असतो. तो आधी एकदा ती वाट स्वतः चालून रेकी करतो, कुठे फाटक मोडले आहे, कुठे ओढ्याला पाणी आहे, कुठे गाईंचा कळप आहे हे पाहून ठेवतो, आणि नेहमी येणारी किती माणसे असतील याचा अंदाज बांधून वेळेचे गणित करतो. अशा १२–१५ जणांच्या गटात तेवढीच अनोळखी माणसे अचानक येऊन मिळाली, तर त्याची सगळी आखणी कोलमडते. शिवाय ज्यांच्याबरोबर चालायचे ते एका बाजूला आणि आपण आपल्याच भाषेत बोलत दुसऱ्या बाजूला, असे होते, आणि नेत्याने पुढे दिलेली सूचना आपल्यापैकी निम्म्यांपर्यंत पोहोचत नाही. बहुतेक क्लब नव्या माणसाला सभासद होण्यापूर्वी दोन-तीन वेळा येऊन पाहण्याची मुभा देतात. रॅम्बलर्स या देशव्यापी संस्थेच्या गटांबरोबर तीन वेळा विनाशुल्क चालता येते. ही सवलत एकेका माणसाला अजमावता यावे म्हणून आहे, संपूर्ण मंडळाची सहल त्यावर उरकावी म्हणून नाही.

आता श्रेणीविषयी. डोंगरातील वेळेचा ठोकताळा येथे १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडला आणि तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्याप्रमाणे कड्यावरची फेरी तीन तासांहून थोडी कमी येते आणि किंडरची पावणेचार तासांची. म्हणजे कागदावर तासाभराचाही फरक नाही. पण हे गणित धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचे आहे. गटाला फाटके ओलांडायला, पावसाचे कपडे चढवायला आणि मागच्यांची वाट पाहायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. प्रत्यक्षात कड्याच्या फेरीला पाच तास लागतात आणि किंडरला साडेसहा-सात तास सहज जातात.

याचे कारण पायाखालची जमीन आहे. मॅम टॉर (५१७ मीटर) ते लूज हिल (४७६ मीटर) हा कडा बऱ्याच अंतरापर्यंत दगडी फरश्यांनी बांधून काढलेला आहे, त्यामुळे पाऊल कुठे पडते याची सतत काळजी करावी लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीतून एका बाजूला एडेलला आणि दुसऱ्या बाजूला कॅसल्टनला उतरता येते. कोणी थकले किंवा हवा बिघडली, तर अर्ध्यावर परतण्याची सोय तिथे आहे. किंडर स्काउट (६३६ मीटर) तसा नाही. जेकब्स लॅडरच्या पायऱ्या चढून गेल्यावर पुढे मैलोन्‌मैल पठाराची कडा आहे, मध्ये सोपे उतार थोडे, आणि ग्रिंड्सब्रुकच्या घळीतून उतरायचे म्हटले तर माथ्याजवळ मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत यावे लागते. पठाराच्या आत शिरलात तर पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीचा, काळा चिखल आणि त्यात पाण्याने कापलेल्या, माणूस दिसेनासा व्हावा इतक्या खोल घळ्या आहेत. धुके उतरले की त्या साऱ्या एकसारख्या दिसतात. सासूबाई रोज तासभर चालतात ही फार चांगली गोष्ट आहे, पण सपाटीवरचा तास आणि ओल्या धोंड्यांवरचा उतार यांत गुडघ्यांना पडणारा फरक फार मोठा असतो. त्यांनी आणि मुलांनी कड्याची फेरीच निवडावी, आणि तीही नेत्याला आधी सर्व सांगून. अठरा वर्षांखालील मुलांबरोबर पालक असावाच लागतो, आणि काही फेऱ्यांना मुलांना घेतच नाहीत.

हवेबद्दल आपल्यापैकी ज्यांनी सह्याद्रीत भरपूर भटकंती केली आहे त्यांना मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण तिथे ऊन आणि तहान यांची सवय झालेली असते, आणि येथे माणूस थंडी, ओल आणि वारा या तिघांच्या एकत्र माऱ्याने खचतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे एडेलहून किंडरवर पोहोचेपर्यंत अडीच अंश गेलेच, आणि त्यावर वारा. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, म्हणून ती नकोच. घोट्याला आधार देणारे बूट, वर आणि खाली दोन्हीसाठी पाणी न शिरणारे कपडे, टोपी, हातमोजे, एक जादा गरम थर, पुरेसे पाणी, जेवण आणि हेडटॉर्च हे मे महिन्यातही सॅकमध्ये असावे. साध्या बुटांत आलेल्या माणसाला स्थानकावरूनच परत पाठवण्याचा अधिकार नेत्याला असतो, आणि तो त्याने वापरला तर मनाला लावून घेऊ नये. पुढे चार तासांनी त्याच पायांची जबाबदारी त्याच्यावर येणार असते.

प्रत्यक्ष चालताना नेता पुढे आणि बॅकमार्कर सर्वांत मागे असतो. नेत्याच्या पुढे जायचे नाही आणि बॅकमार्करच्या मागे राहायचे नाही. आडोशाला जायचे असेल तर बॅकमार्करला सांगून आपली सॅक वाटेच्या कडेला ठेवून जावे, म्हणजे माणूस कुठे आहे हे कळते. मध्येच गट सोडायचा असेल तर नेत्याला सांगितल्याशिवाय सोडू नये, कारण शेवटी माणसे मोजताना एक कमी भरला तर तो अंधारातही शोधायला निघतो. आणखी एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगावीशी वाटते: पुढचे लोक थांबून विसावलेले असतात आणि सर्वांत मागचा माणूस पोहोचला की लगेच उठून चालू लागतात, त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही. चांगला नेता मागचा माणूस आल्यावर पाच मिनिटे मोजून थांबतो. आपल्यातल्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे.

मे महिन्यात कोकरे लहान असतात, आणि वासरे जवळ असलेल्या गाई माणसाला धोकादायक ठरू शकतात, म्हणून त्यांच्यामधून न जाता लांबून वळसा घालावा. फाटक जसे मिळाले तसेच सोडावे. या माळरानांवर आपण आज मोकळेपणाने चालतो, पण २४ एप्रिल १९३२ रोजी याच किंडरवर शेकडो माणसे बंदी मोडून चढली आणि त्यांतील काहींना तुरुंगात जावे लागले. पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ मध्ये देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि इंग्लंड-वेल्समधील अशा माळांवर वाट सोडून हिंडण्याचा हक्क तर २००० सालच्या कायद्याने मिळाला. मेंढपाळांचा विश्वास टिकवणे हे त्या हक्काचेच अंग आहे, असे मी मानतो.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

---

काका, नमस्कार.

आपले पत्र वाचून बरेच कळले, तरी एक शंका राहते. आता प्रत्येकाच्या फोनवर नकाशा आणि आपण कुठे आहोत हे दाखवणारा ठिपका असतो. वाट ठळक असेल, तर क्लबच्या वेळापत्रकाला बांधून घेण्यापेक्षा आपणच आपल्या गतीने का जाऊ नये?

आपला,
एक तरुण सभासद

---

प्रिय मित्रा,

कड्यावर स्वच्छ हवेत आपले आपण जरूर जा, त्यात काहीच गैर नाही. पण फोनचा ठिपका फक्त ‘कुठे’ याचे उत्तर देतो. पुढची घळ उतरण्याजोगी आहे का, आता मागे फिरावे का, आणि चौथ्या तासाला बोलेनासा झालेला माणूस थकला आहे की गारठला आहे, हे त्याला कळत नाही. ती नजर चार जाणत्यांबरोबर चालूनच येते. शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि दऱ्यांत सिग्नल मिळेलच असे नाही, म्हणून ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचा (ऑर्डनन्स सर्व्हेचा) १:२५,००० प्रमाणाचा, ओएल-१ क्रमांकाचा डार्क पीकचा (पीक डिस्ट्रिक्टच्या या भागाचा) छापील नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे. त्या नकाशावरची ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे उतार तीव्र असतो, एवढे ओळखता आले तरी बरेच साधते.

अडचण आलीच तर ९९९ हा आपत्कालीन क्रमांक लावून पोलीस मागावेत आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यूची, म्हणजे डोंगरातील बचाव पथकाची, मागणी करावी. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि त्यांच्या मदतीचे पैसे घेतले जात नाहीत. बोलण्याइतका सिग्नल नसेल तर संदेश पाठवून मदत मागता येते, मात्र त्यासाठी ‘रजिस्टर’ असा संदेश ९९९ ला आधीच पाठवून नोंदणी केलेली असावी लागते. ती सर्वांनी घरूनच करून ठेवावी. शिट्टीने मदत मागायची तर मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबावे. उत्तर तीन शिट्ट्यांचे असते.

आपला,
तोच ज्येष्ठ सभासद

---

सर्वांना नमस्कार,

दोन्ही बाजू लक्षात घेऊन समितीने असे ठरवले आहे की मे महिन्यात मंडळाची स्वतंत्र सहल न काढता इच्छुकांनी तीन किंवा चार जणांच्या गटाने, वेगवेगळ्या रविवारी, क्लबच्या कड्यावरच्या फेरीत जावे. क्लबच्या पदभ्रमंती चिटणीसांना मी आधी पत्र लिहून प्रत्येक तारखेला किती जण येतील हे कळवीन आणि मुलांविषयी त्यांचा नियम विचारून घेईन. किंडरचा विचार, ज्यांनी क्लबबरोबर किमान एक फेरी पूर्ण केली आहे त्यांच्यापुरताच, सप्टेंबरमध्ये करू.

ज्यांना यायचे आहे त्यांनी या महिनाअखेरपर्यंत मला व्यक्तिशः कळवावे. सोबत आपल्याला दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असल्यास तेही मोकळेपणाने लिहावे. ती माहिती फक्त त्या दिवशीच्या नेत्याला दिली जाईल. औषधे आणि घरच्या माणसाचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावी आणि बॅकमार्करला ती जागा दाखवून ठेवावी.

आपली,
सहल समितीतील सभासद