काँक्रीट कॉलम: अल्ट्रासोनिक चाचणीत वेग अचानक का पडला?

प्रश्न: ३०० मिमी कॉलमवर समोरासमोर प्रोब (एक लहर सोडणारा, एक टिपणारा) लावून लहर आरपार जायला ६८ मायक्रोसेकंद आले, हातभर खाली ९२. आत पोकळी असेल का?

उत्तर १: आधी प्रोब आणि काँक्रीटमधली फट भरणारं ग्रीस तपासा. प्रोबखाली हवेची बारीक फट राहिली तरी लहर जवळपास सगळी परत फिरते. प्लास्टर काढा, पृष्ठभाग घासा, ग्रीस लावून त्याच जागी तीनदा मोजा.

उत्तर २: वेग ४.४ आणि ३.३ किमी/सेकंद निघतो. फरक मोठाच आहे. हवेत ध्वनी जेमतेम ०.३४ किमी/सेकंद, त्यामुळे पोकळीला वळसा घालून आलेली लहरच आधी पोहोचते आणि वेळ वाढतो. पण वरचा आकडाही तपासा हं! पोलादात वेग ५ च्या पुढे, रिंगला (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या सळईला) समांतर मोजलं तर काँक्रीट उगाच चांगलं दिसतं. कव्हरमीटरने (आतल्या सळया शोधणाऱ्या यंत्राने) सळया आखून घ्या.

प्रश्नकर्ता: खाली प्लास्टर राहिलं होतं. काढून पुन्हा घेतो.