ठाण्यात चर्चा: पेशी ९० सेकंदांत शिकवता येते का?

नौपाडाकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सातवीचं जीवशास्त्र ९० सेकंदांच्या व्हिडिओत उरकतं, प्रयोगशाळेचे तास वाचवा." सोबतच्या व्हिडिओत आयोडीन टाकताच कांद्याच्या पेशी निळ्याजांभळ्या! कांद्यात स्टार्च जवळजवळ नसतोच, मग निळा रंग येणार कुठून? केंद्रक पिवळट-तपकिरी दिसतं. मूल स्वतः करतं तेव्हा निळं काही दिसत नाही आणि आपलंच चुकलं असं धरून बसतं.

वाशी_से१७: चूक त्या व्हिडिओची आहे, माध्यमाची नाही. मूग रुजताना वर्गात काय दिसतं? काहीच नाही. फोन स्टँडवर लावा, दर १० मिनिटांनी एक फोटो. ७२ तासांत ४३२ फोटो, सेकंदाला २४ या वेगाने १८ सेकंदांची फिल्म. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. दिवा एकाच बाजूला ठेवला तर कोंब तिकडे झुकतो.

कोपरीकर: त्या १८ सेकंदांत तीन दिवस गायब होतात त्याचं काय? चौकटीत घड्याळ नसेल तर मुलं म्हणणार, कोंब सरसर वर येतो. हृदयाच्या व्हिडिओंतही तेच: ऑक्सिजन कमी असलेलं रक्त निळं रंगवतात. ते गडद लाल असतं.

वाशी_से१७: घड्याळ ठेवा की! त्यासाठी व्हिडिओच नको म्हणणं म्हणजे हट्ट झाला.

ऐरोली_खाडी: तुम्ही सगळे खोलीत बसूनच भांडताय. तिवराची (खारफुटीचं झाड) श्वसनमुळं, म्हणजे हवेसाठी चिखलातून वर येणारी मुळं, ठाणे खाडीत उभी आहेत, तिथे मुलांना न्या. पण शाळा सहल आखतात बसच्या वेळेवर. भरतीत पोचलात तर मुळं पाण्याखाली. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, ते कोष्टक आधी बघा, मग बस ठरवा.

नौपाडाकर: खाडीचा धागा वेगळा काढा, इथे पेशी चालू आहे. नीट ऐका. कांद्याचा मधला मांसल थर मोडा, आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा ओढा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर तो गुंडाळतो. अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सपाट पसरा, सॅफ्रॅनिन (लाल रंग) किंवा आयोडीनचा एक थेंब द्या. आच्छादक काच तिरकी टेकवून सुईने हळूहळू खाली सोडा. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या कडेचे ते गोल मुलं पेशी म्हणून वहीत काढतात. हे हाताला कळावं लागतं.

घणसोली_लॅब: आणि पानातल्या स्टार्चची चाचणी? झाड आधी ४८ तास अंधारात, मग प्रकाशात. पान पाण्यात उकळायचं, मग अल्कोहोलमध्ये, तेही गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. थेट ज्योतीवर धरलं तर वाफ पेट घेते. चाळीस मुलांच्या वर्गात हे करणार?

नौपाडाकर: नाही. तो भाग व्हिडिओत दाखवा, शेवटचा आयोडीनचा थेंब मात्र मुलांनी टाकायचा. तेवढंच मान्य.

वाशी_से१७: मग कांद्यालाही तेच लावा. पापुद्रा ओढणाऱ्या बोटांचा २० सेकंदांचा क्लोजअप दाखवा. लांबच्या बाकावरून सरांचे हात दिसत नाहीत.

नौपाडाकर: बोटं चालतील, सूक्ष्मदर्शकातलं चित्र नको. आणि आवाज बंद ठेवा, निवेदक उत्तर आधीच सांगून मोकळा होतो.