चार कार्ड रीडर एकदम लावले की स्पीड मरतो, काय करावं?

मानेवाडा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. नागपूरला मानेवाडा रिंग रोडला आपला छोटा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डर करतो. सीझनमध्ये एका लग्नाला दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले. वर्धा रोडच्या लॉनवरून रिसेप्शन आटोपून परत यायला रात्रीचा एक वाजतो. सकाळी सहाला पोरं पुढच्या ऑर्डरला निघतात, कधी कामठी, कधी उमरेड, आणि तेव्हा त्यांना कार्डं खाली करून हवी असतात. चार कार्डांत मिळून साधारण ४०० जीबी डेटा भरतो.

आता अडचण. एकच रीडर पीसीच्या मागच्या निळ्या पोर्टला लावला तर सेकंदाला ८८-९० एमबी स्पीड मिळतो. काम लवकर व्हावं म्हणून बर्डीच्या बाजारातून चार पोर्टचा हब (एका पोर्टचे चार करणारा डबा) आणला, एकाच जातीचे चार रीडर घेतले. चारही कार्डं एकदम लावली की एकेकाला ९ ते १० एमबी! चार मिळून एकट्या रीडरच्या निम्मेही भरत नाहीत. तीन-तीन तास कॉपीच होऊन राहिली. पोरं सोफ्यावर तशीच झोपतात, कारण कॉपी पूर्ण झाल्याशिवाय मी कोणाला कार्ड हातात देत नाही.

पीसी: रायझन ५, ३२ जीबी रॅम, विंडोज ११. सी ड्राइव्ह ५०० जीबीची एनव्हीएमई (चिपवाली वेगवान एसएसडी), डेटासाठी ४ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. कार्डं १२८ जीबीची एसडी, बहुतेक यूएचएस-वन जातीची, त्यावर २०० एमबी छापलेलं आहे. नव्या कॅमेऱ्याची दोन यूएचएस-टू, म्हणजे त्याहून वेगवान जातीची आहेत.

विंडोज स्पीड वाटून देते का? महागडा पॉवरवाला हब घ्यावा, की मदरबोर्डवर वेगळं यूएसबी कार्ड बसवावं? लग्न पुन्हा होत नाही भाऊ. रात्री दोनला अर्धवट झोपेत भरलेलं कार्ड खाली समजून कोणी फॉरमॅट मारलं तर त्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं? स्पीड त्यासाठी पाहिजे.

संत्रानगरी_आयटी

दादा, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ९-१० गुणिले ४ म्हणजे ३६-४०. यूएसबी २.० ची ही ठरलेली खूण. कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, पण हातात ३५-४० च्या वर कधी येत नाही. तुमचा हब पीसीशी यूएसबी २ नेच बोलून राहिला आहे, आणि ते ४० चार रीडर वाटून घेतात. विंडोजचा यात दोष नाही.

हबचे पोर्ट आतून निळे आहेत म्हणून तो यूएसबी ३.० चा, म्हणजे वेगवान, समजू नका. निळं प्लास्टिक कोणीही लावतं. हबच्या वायरचा प्लग हातात घ्या आणि मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. समोर चार रुंद पितळी पट्ट्या दिसतील, त्या प्रत्येक यूएसबीत असतात. त्यांच्या मागे, खोलवर, अजून पाच बारीक पिना दिसल्या तर ३.०. नाही दिसल्या तर तो हब कुठेही लावा, ४० च.

पिना असूनही स्पीड आला नाही तर हब नेमका कुठे लावलाय ते बघा. बऱ्याच कॅबिनेटचे पुढचे पोर्ट २.० चे असतात. आणि प्लग दमादमाने आत सारू नका, एका झटक्यात पूर्ण बसवा. समोरच्या चार पट्ट्या आधी टेकतात, मागच्या पाच नंतर. हळू लावला तर पीसी कधीकधी आधीच २.० ठरवून मोकळा होतो.

खात्रीसाठी यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. कोणता रीडर कोणत्या हबखाली आणि कोणत्या स्पीडला जोडलाय, सगळं दाखवतं. 'हाय-स्पीड' लिहून आलं म्हणजे २.०, 'सुपरस्पीड' आलं तर ३.०. नावावर जाऊ नका, हाय-स्पीडच हळू असतो.

अकोलेकर_क्लिक्स

मी म्हणतो एवढी मारामारी कशाला? कार्डांचा एक जादा सेट घ्या. पोरांना सकाळी कोरी कार्डं द्या, भरलेली दुपारी आरामात उतरवा. आम्ही हेच करतो.

मानेवाडा_स्टुडिओ

अकोलेकर दादा, जादा सेट आहे. पण मे महिन्यात लागोपाठ मुहूर्त असले की तोही भरतो. शिवाय डेटा कार्डातच पडून राहिला तर मला झोप येत नाही. दोन जागी गेला की माणूस निवांत.

संत्रानगरी, टॉर्च मारला. फक्त चार पट्ट्या! खोक्यावर मात्र ३.० छापलंय. दुकानदाराशी बोललो, तो म्हणे बदलून देतो. तोवर मित्राकडून वेगळ्या पॉवर अडॅप्टरवर चालणारा चांगला हब आणून मागच्या निळ्या पोर्टला लावला. ट्री व्ह्यूअरमध्ये चारही सुपरस्पीड दाखवून राहिले.

पण आता नवीनच भानगड. चारही कॉपी सुरू केल्या की पहिला थोडा वेळ एकेकाला ८५ मिळतो, मन खूश. मग धाडकन खाली, चार मिळून ६०-७०. आणि कॅबिनेटमधून सारखा करकर आवाज. हा पण हब खराब आहे का?

संत्रानगरी_आयटी

हब ठीक आहे. करकर आवाज करतेय ती तुमची ४ टीबीची डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये एका वेळी लिहिणारं डोकं एकच. एक मोठी फाइल सलग लिहायला दिली तर ७२०० आरपीएमची डिस्क १५०-२०० एमबीने लिहिते. चार कॉपी एकदम आल्या की ते डोकं या फाइलचा तुकडा लिही, तिकडे पळ, त्या फाइलचा लिही, परत ये, असं करत बसतं. एकाच पोळपाटावर चार जणींनी लाटायला घेतल्यासारखं होतं. वेळ लिहिण्यात कमी आणि पळण्यात जास्त जातो. पहिला थोडा वेळ जो ८५ दिसला तो रॅमचा प्रताप. विंडोज डेटा आधी रॅममध्ये झेलते, तिथली जागा भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो.

म्हणून सांगतो, हार्ड डिस्कवरच उतरवायचं असेल तर चार रीडर लावून काही फायदा नाही, उलट तोटाच. एकामागे एक कार्ड घ्या, त्यातच लवकर होईल. चार रीडरचं चीज करायचं असेल तर आधी एसएसडीवर उतरवा. तिला फिरती तबकडी नाही, चार ठिकाणी लिहायला तिला त्रास नाही.

आता हिशोब बघा. यूएचएस-वनची मर्यादा १०४ एमबी. कार्डावर २०० छापलंय ते त्या कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतं, साध्या रीडरमध्ये ८५-९५ धरा. चार गुणिले ८५ म्हणजे ३४०. यूएसबी ३.० चा पोर्ट ५ गिगाबिटचा, हातात ४०० ते ४५० एमबी येतात. म्हणजे चार यूएचएस-वन कार्डं एका चांगल्या हबवर बसतात, पाचवं लावलं की गर्दी. वेगळं यूएसबी कार्ड आत्ता घेऊ नका, पैसे एसएसडीत घाला. ४०० जीबी ३८ च्या स्पीडने पावणेतीन तासांच्या वर जातात, ३४० ने वीस मिनिटं.

सी ड्राइव्हवर मात्र उतरवू नका. ५०० जीबीत विंडोज धरून ४०० मावणार नाहीत. मदरबोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायची खाच) असेल तर १ टीबीची वेगळी बसवा.

धरमपेठ_एडिटर

संत्रानगरींशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे रोज वेगवेगळ्या फोटोवाल्यांची कार्डं येतात, त्यावरून थोडी भर घालतो.

एसएसडी घेताना क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट भरणारी जात) घेऊ नका. सुरुवातीचे काही जीबी सुसाट जातात, मग आतली कॅश (तात्पुरती वेगवान जागा) भरली की कित्येक मॉडेल हार्ड डिस्कच्याही खाली येतात. फोटो-व्हिडिओचं काम म्हणजे नेमकं सलग शेकडो जीबी लिहिणं, तिथेच ती दगा देते. टीएलसी (तीन बिटवाली) घ्या, आणि वर हीटसिंक (उष्णता खेचणारी धातूची पट्टी) लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बंद खोलीतल्या कॅबिनेटमध्ये एनव्हीएमई तापली की स्वतःच स्पीड कमी करते.

दुसरं, यूएचएस-टू कार्ड उलटं करून बघा, मागे पिनांची दुसरी रांग आहे. साध्या रीडरमध्ये ती रांग कशालाच टेकत नाही, म्हणून ३१२ एमबीपर्यंत जाऊ शकणारं कार्ड ९० ला अडकतं. त्या दोन कार्डांसाठी दोन यूएचएस-टू रीडर घ्या आणि ते हबवर न लावता पीसीच्या मागच्या पोर्टला थेट लावा. दोन मिळून ५०० च्या आसपास मागतात, एका हबच्या तोंडातून तेवढं निघत नाही. चार खाचांचा एकच ऑल-इन-वन रीडर अजिबात घेऊ नका. आत चिप एक, वायर एक, बऱ्याच मॉडेलमध्ये एका वेळी एकच खाच नीट चालते. टाइप-सी रीडर असेल तर मोबाइल चार्जरची वायर लावू नका, त्यातल्या बहुतेक डेटाला यूएसबी २ च्याच असतात.

आणि तुम्हाला जी भीती आहे त्यासाठी: विंडोजची साधी कॉपी-पेस्ट सोडा, टेराकॉपी हे सॉफ्टवेअर वापरा, व्हेरिफाय (पडताळणी) चालू करून. कॉपी करतानाच ती मूळ फाइलचा हिशोब काढते आणि नंतर उतरलेली फाइल पुन्हा वाचून जुळवते. हार्ड डिस्कवर हे पडताळणं कॉपीइतकाच वेळ खातं, एनव्हीएमईवर काही मिनिटांत होतं. हिरवी खूण आल्याशिवाय कार्ड रीडरमधून काढायचं नाही, हा नियम माझ्याकडे सगळ्यांना लागू आहे. फॉरमॅट मात्र पीसीवर करू नका, पोरांना कॅमेऱ्यातच करायला सांगा.

वायरलेस माउस अडकायला लागला तर दचकू नका. माउस ज्या लहरींवर बोलतो त्याच २.४ गिगाहर्ट्झवर यूएसबी ३ ची वायर गोंगाट करते. माउसचा डोंगल हबपासून लांब, पुढच्या पोर्टला लावा.

मानेवाडा_स्टुडिओ

मंडळी, झालं काम! १ टीबीची टीएलसी बसवली, चार कार्डं हबवर, टेराकॉपीच्या चार खिडक्या. मिळून ३३०-३४० चा स्पीड, आणि मुख्य म्हणजे शेवटपर्यंत टिकून राहिला. पडताळणी धरून अर्ध्या तासाच्या आत चारही हिरव्या खुणा. त्यानंतर एसएसडीवरून हार्ड डिस्कवर एकच कॉपी लावून झोपलो. ती सलग १६०-१७० ने जाते, करकर आवाज बंद. पोरं दीडच्या आत घरी गेली.

एक शेवटचं विचारतो. हार्ड डिस्कवरची कॉपी सुरू असतानाच ड्रोनचं मायक्रो एसडी एसएसडीवर उतरवलं तर चालेल का? आणि त्याचा अडॅप्टर (मायक्रो कार्डाला मोठ्या एसडीचा आकार देणारा) यूएचएस-टू रीडरमध्ये घातला तर स्पीड वाढेल का?

धरमपेठ_एडिटर

खुशाल उतरवा, एनव्हीएमई दोन्ही कामं एकदम झेलते. पण त्या अडॅप्टरला मागच्या पिनाच नसतात, त्यामुळे यूएचएस-टू रीडरमध्येही तो ९० लाच राहील. हबवरचा साधा रीडर त्याला पुरे. यूएचएस-टू रीडर नव्या कॅमेऱ्याच्या कार्डांसाठी मोकळे ठेवा.