अंगोला: अमेरिकन तेल कंपनीच्या राखणीला क्युबाचे सैनिक?

खारेवारे:
नमस्कार. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, ऑफशोअर जहाजावर सेकंड इंजिनियर. सध्या काम अंगोलाच्या काबिंडा किनाऱ्याला. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, तिथलाच, पन्नाशी उलटलेला. तो सांगतो की त्याच्या लहानपणी इथल्या तेलाच्या तळाची राखण क्युबन सैनिक करायचे, आणि कंपनी होती अमेरिकन! अमेरिका तर क्युबावाल्यांशी लढणाऱ्यांना शस्त्रं देत होती ना? थापा मारतोय का हा? कोण नक्की कोणाकडून होतं?

मिलिंद_प:
शीतयुद्ध, दुसरं काय. रशिया-क्युबा इकडे, अमेरिका-दक्षिण आफ्रिका तिकडे. व्हिएतनामची दुसरी आवृत्ती.

अण्णा फोंडेकर:
सारंग खरं बोलतोय. आणि मिलिंदराव, व्हिएतनामचा साचा इथे बसत नाही.

आम्हा गोंयकारांना हा देश थोडा जवळचा. १९६१ पर्यंत दोघांचा मालक एकच, पोर्तुगालचं लिस्बन. आमच्या वाड्यावर पंचाहत्तर साली अंगोलाच्या राजधानीहून, लुआंडाहून, एक कुटुंब दोन ट्रंका घेऊन परतलं होतं. त्या घरातल्या बाईंकडून हे सगळं आधी ऐकलं, वाचलं नंतर.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला लष्करानं सत्ता उलथवली आणि वसाहती सोडायचं ठरलं. अंगोलात सत्तेच्या दावेदार मुक्तिसंघटना तीन: अगोस्तिन्यो नेटोंची एमपीएलए, होल्डन रॉबेर्तोची एफएनएलए, जोनास साव्हिंबीची युनिटा. जानेवारी १९७५ मध्ये आल्व्होरच्या करारात तिघांनी मिळून कारभार करायचं कबूल केलं आणि जुलैपर्यंत लुआंडाच्या रस्त्यांवर एकमेकांवर गोळ्या झाडल्या. भांडण घरचंच होतं, पण प्रत्येकानं बाहेरचा पाठीराखा आधीच गाठून ठेवलेला. रॉबेर्तोकडे शेजारच्या झाईरचा (आताचा काँगो) हुकूमशहा मोबुतू, अमेरिकेची सीआयए आणि चक्क चीन. साव्हिंबीकडे दक्षिण आफ्रिका. नेटोंकडे सोव्हिएत शस्त्रं आणि क्युबा.

जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारनं सीआयएला गुपचूप पैसे मंजूर केले. ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्या दक्षिणेकडून आत शिरल्या. ४ नोव्हेंबरला कॅस्ट्रोंनी फौज पाठवायचं ठरवलं, तेही मॉस्कोला न विचारता. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, कारण क्युबा म्हणजे रशियाचा गडी असं डोक्यात पक्कं बसलंय. उलट क्युबानं पाऊल टाकल्यावर रशियाला मागून जावं लागलं.

१० नोव्हेंबरला रॉबेर्तोचं सैन्य लुआंडाच्या वेशीवर, किफांगोन्दोला, रॉकेटांच्या माऱ्याखाली मोडलं. त्याच दिवशी पोर्तुगीज उच्चायुक्तानं सत्ता ‘अंगोलाच्या जनते’कडे सोपवल्याचं जाहीर केलं आणि मायदेशाचं जहाज पकडलं. समारंभाला तीनपैकी एकाही पक्षाचा माणूस नव्हता!

आता तुमचं तेल. काबिंडात तेव्हा गल्फ ऑइल. डिसेंबर १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या दबावामुळे कंपनीनं काम थांबवलं, पण काही महिन्यांतच लुआंडात सत्तेवर बसलेल्या नेटोंच्या सरकारशी जमवून घेतलं. मग वर्षानुवर्षं अमेरिकन कंपनीनं भरलेल्या पैशावर लुआंडाचं मार्क्सवादी सरकार चाललं, त्यातूनच युद्धाचा खर्च निघाला, आणि तळाच्या आसपास बंदोबस्ताला क्युबन पोरं. मे १९८५ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेचे कमांडो याच काबिंडात सापडले. दोघे मेले, एक कॅप्टन जिवंत हाती लागला, आणि त्यानं सांगितलं की गल्फच्याच टाक्या उडवायच्या होत्या. पुढच्या जानेवारीत रेगन साव्हिंबीला व्हाइट हाउसमध्ये भेटले, आणि युनिटाला स्टिंगर क्षेपणास्त्रं मिळाली. म्हणजे त्याच देशात अमेरिकेचा धंदा एका पक्षाशी आणि मैत्री दुसऱ्याशी.

तुम्ही काबिंडाला आहात म्हणून आणखी एक नाव सांगतो, सीता व्हॅलेस. वंश गोव्याचा, जन्म १९५१ चा, काबिंडाचाच. लिस्बनला डॉक्टरकी शिकताना कम्युनिस्ट झाली, १९७५ मध्ये अंगोलात परतून एमपीएलएचं काम करू लागली. २७ मे १९७७ ला त्याच पक्षातल्या नितो आल्व्हेसच्या गटानं नेटोंविरुद्ध उठाव केला. रेडिओ केंद्र परत घेतलं ते क्युबन सैनिकांनी. पुढच्या धरपकडीत हजारो माणसं मारली गेली. सीता आणि तिचा नवरा त्यातच गेले, खटला वगैरे काही नाही. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोरेन्सूंनी माफी मागितली. क्युबाला मी दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या लढाईचं श्रेय देतो, अगदी मनापासून देतो, पण त्या मे महिन्याचा हिशेब वेगळा मांडतो.

निवृत्त_सुभेदार_सातारा:
अण्णा, मी तिथे होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपली पायदळाची बटालियन आणि इंजिनियर कंपनी गेली होती, नव्वदच्या दशकात. पहिला हुकूम एकच, डांबर सोडून पाऊल टाकायचं नाही, लघवीलासुद्धा. सगळीकडे सुरुंग. कोणत्या देशाचा, विचारू नका, सगळ्यांचेच होते. बाजाराच्या दिवशी कुबड्या घेतलेली माणसं इतकी दिसायची की आम्ही बघायचंच सोडलं.

खारेवारे:
अण्णा, सुभेदारसाहेब, आभार. सारंगाची माफी मागतो. पण क्युबन परत गेले, सोव्हिएत युनियन संपलं, तरी सुभेदारसाहेबांच्या वेळी शांतता नव्हतीच?

अण्णा फोंडेकर:
नव्हती. डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. क्युबानं सैन्य मागे घ्यायचं, दक्षिण आफ्रिकेनं नामिबिया सोडायचा. दोघांनी पाळला, आणि मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. बाहेरच्यांचं मिटलं. सप्टेंबर १९९२ ला निवडणूक झाली, साव्हिंबी मागे पडला, निकाल नाकारून त्यानं पुन्हा बंदूक उचलली. आता त्याला वॉशिंग्टनची गरजच नव्हती, कारण ईशान्येकडच्या लुंडा भागातल्या खाणींतले हिरे त्याच्या ताब्यात होते. सरकारकडे तुमचं ते काबिंडाचं तेल. १९९३ मध्ये अमेरिकेनं लुआंडाच्या सरकारला मान्यता दिली, १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली, तरी चाललंच. २२ फेब्रुवारी २००२ ला सरकारी सैन्यानं साव्हिंबीला मोशिको प्रांतात गाठून मारलं आणि ४ एप्रिलला युद्धबंदीवर सह्या झाल्या. काबिंडा वेगळा मागणाऱ्यांचं भांडण यात आलंच नाही. त्याबद्दल सारंगाला विचारा, पण जहाजावर, बंदरात नको.